वैराग्य की जडता?

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातील अर्जुनाची अवस्था सर्व गीताप्रेमी वाचकांच्या परिचयाची आहे. आपली व्यथा भगवंतांना सांगू लागला तेव्हा त्याने प्रथम काय सांगितले? आपले अवयव गळून चालले आहेत, तोंड कोरडे पडले आहे, अंगाला कंप सुटला आहे, धनुष्य हातातून निसटते आहे, त्वचेचा दाह होतो आहे, उभे राहवत नाही. आणि एवढे सर्व झाल्यावर, मन भ्रमते आहे. शरीराची तक्रार आधी, मनाची नंतर. अध्याय संपतो तेव्हा तो महावीर रथात खाली बसलेला असतो.

आता दुसऱ्या अध्यायाचा आरंभ पाहावा. आत्म्याच्या अमरत्वाचा उपदेश अद्याप सुरू व्हायचा आहे, स्थितप्रज्ञाची लक्षणे तर पुष्कळ दूर आहेत. त्या सर्वांच्या आधी भगवंत त्याला म्हणतात की, हे हृदयाचे दुबळेपण टाक आणि ऊठ. हीच आज्ञा त्याच अध्यायात पुन्हा एकदा, चौथ्या अध्यायाच्या अखेरीस आणि विश्वरूपदर्शनाच्या प्रसंगी अकराव्या अध्यायात, अशी एकूण चार वेळा आली आहे. यावरून भगवंतांनी कुरुक्षेत्रावर व्यायामाचा पाठ दिला असा अर्थ कोणी काढू नये. तसे करणे म्हणजे गीतेची थट्टा होईल. परंतु खिन्न होऊन बसलेल्या मनुष्याला ज्ञान सांगताना त्याला वारंवार उठायला सांगावे लागते, एवढी गोष्ट तरी त्यातून निःसंशय निघते. ही गोष्ट मी अनेक वर्षे प्रवचनांतून वाचली, सांगितली, आणि तरीही ती मला कळली नव्हती. ती कशी कळली, हे सांगणे मला प्राप्त आहे, कारण त्या प्रसंगात चूक माझी होती.

बंगळूर शहराच्या पूर्वेस महादेवपुरा म्हणून भाग आहे. नाव एका खेड्याचे. आणि एके काळी ते खेडेच होते. पुढे तेथे नगरपालिका झाली आणि २००७ साली ती बंगळूर महानगरात विलीन झाली. आज तेथे संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारती आहेत, वीस-वीस मजल्यांची निवासस्थाने आहेत, आणि त्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, नागपूर येथून नोकरीसाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे आहेत. अशाच काही कुटुंबांनी मिळून गीतेच्या सहाव्या अध्यायावर प्रवचने ठेवली होती, म्हणून मी तेथे गेलो होतो.

ज्या घरी माझा मुक्काम होता, त्या घरी यजमानांचे वडील राहत. त्यांना सर्वजण नाना म्हणत. मीही येथे तेवढेच म्हणतो. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, औंधजवळच्या एका गावी ते शिक्षक होते. निवृत्तीनंतरही शेताची एक फेरी, विहिरीवरची मोटार पाहून येणे, मंगळवारी यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढणे, हा त्यांचा क्रम होता. पत्नी निवर्तल्यावर मुलाने त्यांना आग्रहाने बंगळूरला आणले. अकराव्या मजल्यावर खिडकीजवळ एक खुर्ची होती, तेथे ते ज्ञानेश्वरी घेऊन बसत. खाली जाणे नाही, कोणाशी बोलणे नाही, जेवणात रुची नाही. मला ते म्हणाले, ‘बुवा, आता कशातच मन राहिले नाही. नातवाच्या वाढदिवसाचेही काही वाटले नाही. हे वैराग्यच नव्हे का?’

मी काय उत्तर दिले असेल? मी प्रसन्न झालो. मुलाला आणि सूनबाईंना बाजूला घेऊन सांगितले, ‘नानांची वृत्ती अंतर्मुख झाली आहे, त्यांना बाहेर चला म्हणून त्रास देऊ नका. अशी उपरती फार पुण्याने येते.’ त्या मुलांनी माझ्या शब्दाला मान दिला. ती सायंकाळी नानांना खाली तळ्याकडे नेण्याचा प्रयत्न करीत असत. तो त्यांनी त्या दिवसापासून सोडून दिला.

सुमारे एक वर्षाने मी पुन्हा त्या घरी गेलो. नाना त्याच खुर्चीत होते. पायांना सूज होती, रक्तातील साखर वाढली होती, रात्री दोन वाजल्यापासून डोळा लागत नसे. ज्ञानेश्वरी मांडीवर उघडी होती, पण पान कित्येक दिवसांत उलटले नव्हते, असे सूनबाई म्हणाल्या. नातू जवळ आला की ते चिडत, आणि तो गेला की रडत. मी विचारले, ‘नाना, जप होतो का?’ ते म्हणाले, ‘होत नाही. नकोच वाटतो.’ मला त्या क्षणी गीतेचा अठरावा अध्याय आठवला आणि माझी मान खाली गेली.

सज्जनहो, त्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार केले आहेत. नियत कर्म मोहाने सोडणे, हा तामस त्याग. शरीराला कष्ट होतील या भयाने कर्म सोडणे, हा राजस त्याग. आणि तो करणाऱ्याला त्यागाचे फळ मिळतच नाही, असे भगवंत स्पष्ट सांगतात. आसक्ती आणि फळ सोडून कर्तव्य म्हणून कर्म करीत राहणे, हा सात्त्विक त्याग. म्हणजे ज्याला आपण वैराग्य म्हणतो त्यात कर्म चालू असते, आणि जिच्यात हातपाय थांबलेले असतात तिला बहुधा निराळे नाव असते. चौदाव्या अध्यायात तमोगुणाची लक्षणे दिली आहेत: प्रकाश नाही, प्रवृत्ती नाही, प्रमाद आणि मोह. नानांच्या त्या खुर्चीत ही चारही लक्षणे बसलेली होती. मी त्यांना उपरतीची वस्त्रे नेसवून नमस्कार केला होता.

वैराग्य आणि जडता यांची बाह्य लक्षणे इतकी सारखी असतात की भल्याभल्यांची फसगत व्हावी. दोन्हींत मनुष्य गप्प असतो, दोन्हींत त्याला कशाची हाव नसते. परंतु विरक्ताला झोप लागते, भूक बेताची पण खरी असते, आणि लहान मूल जवळ आले तर त्याचा चेहरा उजळतो. जड झालेल्याला यांतले काहीच होत नाही. ही कसोटी मी त्या दिवशी शिकलो. आधी शिकलो असतो तर एका सज्जन गृहस्थाचे एक वर्ष वाचले असते.

आता येथे शंका निघेल. देह नाशवंत आहे, आत्मा त्याहून वेगळा आहे, हेच जर गीतेचे सार, तर मग देहाला चालवा, वाकवा, घाम गाळा, हा देहाभिमानच नव्हे काय? शंका वरवरची नाही. आरशापुढे उभे राहून दंडांचा घेर मोजणारे तरुण आपण पाहतो, आणि तो देहाभिमान आहे यात संशय नाही. परंतु तेराव्या अध्यायात भगवंतांनी देहाला क्षेत्र म्हटले आहे. शेत माझे नाही, सरकारचे आहे, असे म्हणून जो कूळ नांगरणीच सोडतो त्याच्या रानात तणच माजणार. तिसऱ्या अध्यायात तर स्पष्टच सांगितले आहे की कर्म न करील त्याची शरीरयात्राही नीट चालणार नाही. दुसऱ्या टोकाला, जे देहाला अविचाराने पीडा देतात त्यांची सतराव्या अध्यायात निर्भर्त्सना आहे. या दोहोंच्या मध्ये सहाव्या अध्यायातील ते प्रसिद्ध वचन येते, ज्यात आहार, विहार, कर्मातील चेष्टा, झोप आणि जागृती ही सर्व यथाप्रमाण असणाऱ्याचा योग दुःखनाशक होतो असे म्हटले आहे. प्रवचनकार आहारावर तासभर बोलतात. विहारावर आणि चेष्टेवर आम्ही एका वाक्यात पुढे सरकतो. विहार म्हणजे हिंडणे-फिरणे आणि चेष्टा म्हणजे शरीराची हालचाल, हे शब्द तेथे उगीच घातलेले नाहीत.

आपल्या वैद्यकानेही हे सांगितले आहे. सुश्रुताचार्य व्यायाम अर्ध्या शक्तीपर्यंतच करावा म्हणतात. अधिक केल्यास तो रोग उत्पन्न करतो. आणि प्रमेह म्हणजे ज्याला आज मधुमेहाच्या कुळात धरतात त्या रोगावर, निर्धन रोग्याने पादत्राण आणि छत्री न घेता शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असा त्यांचा उपाय आहे. हे वाचून पूर्वी मला हसू येत असे. पण चेन्नई येथील डॉक्टर रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना आहार सुधारून नियमाने चालणे-फिरणे करायला लावले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण, नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांच्या मानाने, सुमारे २८ टक्क्यांनी घटले. आणि ज्यांना औषधाची गोळी दिली त्यांच्यातही घट जवळजवळ तितकीच झाली. कारण सोपे आहे. स्नायू हालतो तेव्हा तो रक्तातील साखर स्वतःच ओढून घेऊन जाळतो. चुलीत जाळ नसेल तर लाकडे साठत राहणार.

पोटऱ्यांचेही असेच आहे. पायांतील रक्त वर हृदयाकडे चढवायचे काम एकटे हृदय करीत नाही. चालताना पोटरीचे स्नायू शिरांना दाबतात आणि रक्त वर सरकते. दिवसभर खुर्चीत पाय लोंबत ठेवले की ही व्यवस्था बंद पडते आणि पाय सुजतात. नानांच्या सुजेचे एक कारण हेच निघाले.

बसणाऱ्या आणि हालणाऱ्या मनुष्यांतील भेदाचा एक जुना दाखला लंडनचा आहे. तेथील दुमजली बसगाड्यांवर एक चालक असे आणि एक वाहक. चालक दिवसभर बसून, वाहक तिकिटांसाठी जिना चढउतार करीत. डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले की वाहकांत हृदयविकार चालकांच्या मानाने कमी होता. पुढे त्यांनीच गणवेषांची मापे तपासली, तेव्हा चालक आधीपासूनच कमरेने थोडे रुंद होते असेही आढळले. ही प्रामाणिक तपासणी मला मूळ शोधाइतकीच आवडते. तथापि त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी मुख्य गोष्ट दृढच केली आहे. महादेवपुऱ्यातील आपली मुले आज सर्वच चालक झाली आहेत. दहा तास संगणकापुढे, दोन तास गाडीत. जिना आहे, पण तो आग लागली तरच वापरायचा, अशी समजूत.

आणि मनाचे काय? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या व्याधीने ग्रस्त अशा, पन्नाशी उलटलेल्या १५६ स्त्री-पुरुषांपैकी काहींना औषध दिले, काहींना नियमित व्यायाम, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांना जवळजवळ सारखाच उतार पडला होता. औषधाचा गुण आरंभी लवकर दिसला एवढेच. हे ऐकून कोणी औषध परस्पर बंद करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. मनाचा आजार हाही आजारच आहे, त्याला वैद्य लागतो. नामस्मरण कमी पडले म्हणून तो होतो असे मानणे क्रूरपणाचे आहे. बंगळूरमध्येच मानसिक आरोग्याची ‘निम्हान्स’ ही राष्ट्रीय संस्था आहे, आणि तेथील डॉक्टर मंडळींनी योगाचाही औषधांच्या जोडीने अभ्यास केला आहे. ज्ञान आणि औषध यांचा झगडा आपणच उभा केलेला आहे.

नानांच्या बाबतीत प्रथम डॉक्टरांकडेच जाणे झाले. त्यांनी औषधे दिली आणि रोज चालायला सांगितले. नाना चालायला तयार नव्हते. ‘कशासाठी?’ एवढाच त्यांचा प्रश्न. मी त्यांना उपदेश केला नाही. तो अधिकार मी गमावला होता. मी एवढेच विचारले की, ‘आपल्या वडिलांची शाळा औंधातलीच ना?’

या प्रश्नामागचे कारण सांगितले पाहिजे. औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि सूर्यनमस्काराचे निष्ठावंत प्रचारक होते. तरुणपणी त्यांनी सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने व्यायाम करून पाहिला. नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि वार्धक्यातही तो नेम त्यांनी सोडला नाही. आपल्या संस्थानच्या शाळांत त्यांनी मुलामुलींना नमस्कार घालायला लावले, त्यावर पुस्तक लिहिले, आणि १९३८ साली त्याची इंग्रजी आवृत्ती लंडनमध्ये निघाली. बंगळूरही यात मागे नव्हते. येथील सुप्रसिद्ध व्यायामाचार्य के. व्ही. अय्यर यांनी १९३७ साली सूर्यनमस्कारावर स्वतंत्र पुस्तक काढले होते. म्हणजे औंधचा नमस्कार बंगळूरला परका नाही. नाना मात्र स्वतःला परके समजून बसले होते.

या नमस्काराची खुबी अशी की त्यात देहाभिमानाला जागा फार थोडी. माणूस बारा वेळा वाकतो, कपाळ जमिनीकडे नेतो, आणि ज्याच्यासाठी वाकतो तो समोर उगवलेला असतो. आपल्या उपासनेत शरीर पूर्वीपासून गुंतवलेले आहे. प्रदक्षिणा, दंडवत, डोंगरावरचे देव, आणि सर्वांत थोर म्हणजे पंढरीची वारी. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळजवळ तीन आठवडे, लाखो माणसे चालतात. वाटेत रिंगण धरतात, फुगड्या घालतात. समर्थ रामदासांनी जागोजागी मारुती स्थापिले तेही बलोपासनेसाठीच, अशी परंपरा सांगते. आता देव भिंतीतल्या कपाटात आला आणि प्रदक्षिणा स्वतःभोवती एक गिरकी घेऊन संपू लागली. भक्ती राहिली, पाय गळाले.

नाना माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘वडील रोज घालीत. मला लहानपणी पाठीवर बसवून घालीत.’ वर्षभरात त्या घरी ऐकलेले त्यांचे हे पहिले लांब वाक्य.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकदम साष्टांग नमस्कार घालणे हे मात्र अविचाराचे झाले असते. डॉक्टरांनीही तेच सांगितले. प्रारंभ चालण्यापासून झाला, आणि त्याला मी एकच युक्ती जोडली. घड्याळ लावायचे नाही. एक माळ जप चालता चालता बोटांवर करायचा, आणि माळ पूर्ण होईपर्यंत थांबायचे नाही. पहिल्या दिवशी एक माळ इमारतीच्या ओसरीतच झाली. आठवड्याने दोन. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे, म्हणजे रोजची साधारण २१ ते ४३ मिनिटे. शिवाय आठवड्यातून दोन वेळा स्नायूंना बळ देणारा व्यायाम, आणि वृद्धांनी तोल सांभाळण्याचा अभ्यास अधिक. नाना तेथवर यायला तीन महिने लागले. त्यातही पंधरा दिवस खंड पडला, कारण पावसाची झड लागली आणि जुनी खुर्ची पुन्हा गोड वाटू लागली. चालताना छातीत कळ आली, श्वास लागला, तर तेथेच थांबून वैद्याला दाखवावे, हे वयस्क वाचकांनी ध्यानात ठेवावे.

महादेवपुऱ्याच्या परिसरात जुनी गावतळी आहेत. कानडीत त्यांना केरे म्हणतात. कित्येकांच्या काठाने चालण्यासाठी वाट केलेली आहे. तेथे नानांना एक वृद्ध गृहस्थ भेटले, पूर्वी याच गावात शेती असलेले. यांना कानडी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. ते ‘बन्नी’ म्हणतात, म्हणजे या, आणि दोघे चालू लागतात. पिकांची नावे एकमेकांना सांगतात.

आणखी एक गोष्ट येथे बोलल्याशिवाय राहवत नाही. त्याच घरात मी सूनबाईंना विचारले, ‘ताई, आपण फिरायला जाता का?’ त्या हसून म्हणाल्या, ‘घरचे काम हाच व्यायाम, बुवा.’ पूर्वी जाते होते, आडाचे पाणी होते, तेव्हा ते खरे असेल. आज ओट्यापाशी चार तास उभे राहण्याने पाय दुखतात, दम वाढत नाही. २०२२ सालच्या स्थितीवरून केलेल्या एका जागतिक पाहणीत भारतातील निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नाही असे दिसले. त्यात स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के, पुरुषांचे ४२. याचे कारण स्त्रिया आळशी आहेत हे नसून त्यांची सकाळ त्यांची नाही, हे आहे. यजमान फिरून येतात तो चहा तयार असतो. तो चहा करणारीला अर्धा तास कोण देणार? गृहस्थाश्रमी पुरुषांनी आठवड्यातून चार दिवस डबे स्वतः भरावेत. हाही शारीरिक कर्माचाच भाग आहे, आणि त्याला मंत्र लागत नाही. यजमानांनी ते मान्य केले. पाळतात की नाही, हे सूनबाईंनाच विचारले पाहिजे.

गेल्या चैत्रात मी त्या घरी पुन्हा गेलो. खुर्ची खिडकीजवळच होती, पण तिच्यावर नातवाचे दप्तर होते. नानांची साखर अद्याप डॉक्टरांना हवी तेवढी उतरलेली नाही. औषधे चालू आहेत. पत्नीची आठवण निघाली की डोळे आजही भरतात, आणि ते भरावेत. झोप पाच तास लागते. जप होतो. पहाटे गच्चीवर आजोबा आणि नातू सूर्याकडे तोंड करून उभे होते. आजोबा खुर्चीचा आधार घेऊन अर्धे वाकत होते आणि नातू पुरा. बारा नावांपैकी सातव्याला नातू अडखळला. ‘आजोबा, पुढचे काय?’ नाना धापा टाकीत म्हणाले, ‘थांब रे, आधी मला वर येऊ दे.’